अभ्यास कुणी मागवला, प्रश्न कुणी लिहिला?

विचारणारी मुलगी इंदूरचीच आहे. अर्थशास्त्रात एम.ए. करते, वडिलांची संयोगितागंज मंडीत आडत आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क एकदम वाढलं, मे २०२५ च्या अखेरीस ते बरंचसं खाली आलं. दोन्ही वेळा आडतीवर तावातावानं चर्चा झाली आणि दोन्ही वेळा कुणीतरी ‘दिल्लीच्या संस्थेचा अभ्यास आहे’ असं सांगून समोरच्याला गप्प केलं. या आर्थिक संशोधन संस्था सरकारी अनुदानावर, म्हणजे आपल्याच पैशावर चालतात. मग त्या सरकारला जे सांगतात त्याला अभ्यास म्हणायचं की लॉबिंग, म्हणजे सरकारचा निर्णय कुणाच्या तरी हिताकडे वळवायचा प्रयत्न? लॉबिंग असेल तर त्याची नोंद कुठे असते? आणि मंडीतल्या माणसानं ते ओळखायचं कसं?

तिनं मला काका म्हटलं आहे, म्हणून मीही ‘तू’च म्हणतो. मी पंचवीस वर्षं अशा संस्थांची कामं केली. सुरुवात गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरण्यापासून झाली, मग पाहणी पथकं सांभाळली, पुढे अहवाल लिहिले. बहुतेक काम माळव्यातलं: सोयाबीन, गहू, मंडीचे भाव, घरखर्च. तेव्हा पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं अहवालाच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

कायद्यापुरतं उत्तर छोटं आहे. भारतात लॉबिंगची नोंद ठेवायला लावणारा कायदाच नाही. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्टनं अमेरिकेच्या सिनेटला दिलेल्या विवरणांतून कळलं की २००८ पासून कंपनीनं लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आणि त्या विषयांमध्ये भारतातल्या गुंतवणुकीची वाट मोकळी करणं हाही एक विषय होता. आपल्या संसदेत गदारोळ झाला. निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्य समिती नेमली गेली, पण तिच्या हाती ठोस काही लागलं नाही. २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी लॉबिंगचा खुलासा सक्तीचा करणारं खासगी विधेयक मांडलं, तेही पुढे सरकलं नाही. भारतातल्या धोरणाबद्दल चाललेल्या लॉबिंगची खबर आपल्याला मिळाली ती अमेरिकेच्या १९९५ च्या कायद्यामुळे. ती इथल्या कायद्यानं मिळण्याची सोय तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

पण तुझा प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. संशोधन संस्थेनं सरकारला सल्ला देणं यात वावगं काहीच नाही. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद, म्हणजे एनसीएईआर, १९५६ मध्ये निघाली, सार्वजनिक वित्त आणि धोरणाची एनआयपीएफपी १९७६ मध्ये, आंतरराष्ट्रीय आर्थिक संबंधांवर काम करणारी इक्रिअर १९८१ मध्ये. धोरण ठरवताना सरकारच्या हाताशी अभ्यास असावा हाच त्यामागचा हेतू. आपल्या शेजारी उज्जैनला मध्य प्रदेश सामाजिक विज्ञान शोध संस्थान आहे, त्याला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं अनुदान मिळतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या पैशावर चालणारं कृषी-आर्थिक संशोधन केंद्र आहे. या संस्थांनी तोंड बंद ठेवावं असं मला कधीच वाटलं नाही. माझा आग्रह एवढाच की निष्कर्षाच्या आधी करार पाहावा. प्रश्न कुणी लिहून दिला, पैसे कुणी दिले, मसुदा आधी कुणी वाचला आणि अहवाल बाहेर कधी आला. या चार गोष्टी उघड असतील तर तो सल्ला आहे, मग तो चुकीचा का असेना. या चार झाकलेल्या असतील तर त्यातून काय बाहेर पडतंय याची हमी ज्यानं अहवाल लिहिला तोही देऊ शकत नाही.

पैशाची गोष्ट आधी, कारण ‘सरकारी अनुदानावरची संस्था’ या शब्दांनी खूप गैरसमज होतो. लोकांना वाटतं की सरकार वर्षाला ठरलेली रक्कम देतं आणि संशोधक बसून मनाला येईल तो विषय अभ्यासतात. मी पाहिलेल्या संस्थांत मूळ अनुदानातून कायम प्राध्यापकांचे पगार, इमारत, वाचनालय आणि वीजबिल निघायचं. बाकी सगळं प्रकल्पांवर. प्रकल्प कधी मंत्रालयाचा, कधी राज्य सरकारचा, कधी जागतिक बँकेचा, कधी एखाद्या उद्योगसंघटनेचा. गावात प्रश्नावली घेऊन फिरणारा मुलगा, आकडे भरणारी मुलगी, गाडीचं डिझेल हे सगळं प्रकल्पाच्या पैशातून. एक प्रकल्प संपायच्या आत दुसरा आला नाही तर आठ-दहा जणांना घरी बसावं लागायचं, आणि ती आठ-दहा नावं मला पाठ असायची. अशा वेळी प्रायोजकाला न आवडणारं वाक्य लिहिताना हात अडखळतो. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि संशोधकाचं काम तर वासे मोजण्याचंच आहे.

हिशेबतपासणीतही एक फट आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, १९७१ च्या कायद्यातल्या कलम १४ प्रमाणे अनुदान किमान २५ लाखांचं आणि संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असलं की त्या संस्थेचे हिशेब कॅग तपासतं. प्रकल्पांची कमाई वाढली की अनुदानाचा वाटा आपोआप खाली येतो. म्हणजे बाहेरचा पैसा जितका जास्त, तितकी या कलमाची पकड सैल. मंत्रालयाला संस्थेकडून खर्चाचा दाखला जातो, जीएफआर १२-ए या नमुन्यात. पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाला हे त्यातून कळतं. त्या पैशातून काय निष्पन्न झालं याचं परिशिष्टही त्याला जोडायचं असतं, पण ते लोकांसमोर आलं का, हे त्यात कुणी विचारत नाही.

मग उद्योगाला, किंवा मंत्रालयातल्याच एखाद्या विभागाला, अशा संस्थेची गरज का लागते? कारण सोनारानं कान टोचले की दुखत नाही. आपल्या इंदूरचीच सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना घे, ‘सोपा’ नावाची. ती शुल्काबद्दल, पेंडीबद्दल, पिकाच्या अंदाजाबद्दल उघड बोलते. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की हे प्लांटवाल्यांचं म्हणणं आहे, त्या हिशेबानं तो ते तोलून घेतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीपालन उद्योगाच्या मागणीवरून सरकारनं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, तेव्हा सोपानं जाहीर विरोध केला. त्या उन्हाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, कोंबडीवाल्यांना खाद्य परवडत नव्हतं. दोघांचं हित कशात आहे ते स्पष्ट होतं, दोघंही नाव लावून बोलत होते. तेच म्हणणं सार्वजनिक संस्थेच्या मुखपृष्ठाखाली आलं की ऐकणारा तोलायचं थांबवतो. तुझ्या वडिलांच्या आडतीवर नेमकं हेच झालं.

आता आतली गोष्ट. संस्थेचं आणि प्रायोजकाचं नाव मी घेणार नाही, साल आणि आकडेही मुद्दाम देत नाही. काम खाद्यतेलाच्या शुल्काचं होतं. कराराला जोडलेल्या कागदाला आमच्यात टीओआर म्हणतात, सरकारी भाषेत कार्यकक्षा. दीड पानांचा मजकूर. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की शुल्ककपातीमुळे घरगुती ग्राहकाला होणारा लाभ मोजावा. ‘परिणाम’ असा शब्द नव्हता, ‘लाभ’ होता. त्या एका शब्दानं आमची प्रश्नावली ठरली. आम्ही इंदूर, देवास आणि उज्जैनमधल्या घरांत जाऊन महिन्याला तेल किती लागतं, कुठलं लागतं, महाग झालं की काय कमी करता, हे विचारलं. शेतकरी या दीड पानात कुठेच नव्हता.

तो मंडीत मात्र होता. आम्ही भावाची नोंद घ्यायला जायचो. दसऱ्यानंतरचे दिवस, नव्या मालाचे ढीग जमिनीवर. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे बाहेर काढायचा, एक दाणा दाताखाली दाबून ओल किती आहे ते सांगायचा, आणि भाव ठरायचा. सांवेरकडचा एक म्हातारा शेतकरी माझ्या हातातल्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “साब, ये कागज जाएगा किधर?” मी म्हटलं, दिल्लीला. “हमारा भाव भी लिखा है उसमें?” लिहिला होता. तो भाव परिशिष्टात जाणार आहे हे मला तेव्हा माहीत होतं. मी त्याला ते सांगितलं नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

मसुद्याच्या सारांशात मी एक वाक्य घातलं: शुल्क कमी झाल्यास ग्राहकाची किलोमागे बचत होईल, मात्र कपात काढणीच्या हंगामात झाली तर मंडीतल्या सोयाबीनचा भावही दबण्याची शक्यता आहे. हे काही फार मोठं संशोधन नव्हतं. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड. प्लांटवाला दोन्ही विकून बियांचा भाव काढतो. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे बंदरावर तेल स्वस्त झालं की प्लांटचं गणित बदलतं, आणि पेंडीलाही उठाव नसेल तर तो बियांचा भाव खाली करतो. मंडीतला हम्मालसुद्धा हे सांगेल.

मसुदा सादर झाला, बैठक झाली, सूचना आल्या. दुसऱ्या खेपेला माझं वाक्य असं झालं: मंडीतल्या भावांवर होणारा परिणाम अन्य घटकांवर अवलंबून राहील. तिसऱ्या खेपेला ते सारांशातून निघून आतल्या प्रकरणाच्या तळटीपेत गेलं. कारण विचारलं तर उत्तर बिनतोड होतं: हा मुद्दा कार्यकक्षेत बसत नाही. खरोखरच बसत नव्हता. कुणी आकडा बदलला नाही, कुणी खोटं लिहिलं नाही, कुणी कुणाला पाकीट दिलं नाही. अहवालातलं प्रत्येक वाक्य आजही खरं आहे. फक्त जो सारांश पुढे मंत्रालयात फिरला, त्यात सांवेरचा शेतकरी नव्हता.

म्हणून मी म्हणतो की लाचेच्या किंवा गुप्त भेटीगाठींच्या शोधात गेलीस तर तुला बहुतेक वेळा काहीच सापडणार नाही. वजन पडतं ते टीओआरच्या पहिल्या ओळीत आणि मसुद्यावरच्या सूचनांमध्ये. आणि हे दोन कागद जवळजवळ कधीच प्रसिद्ध होत नाहीत.

उघडेपणानं काय फरक पडतो, त्याची दोन उदाहरणं सार्वजनिक नोंदीतली आहेत.

पहिलं काळ्या पैशाचं. मार्च २०११ मध्ये अर्थ मंत्रालयानं देशातल्या आणि देशाबाहेरच्या बेहिशेबी संपत्तीचा अंदाज करायला तीन संस्थांना सांगितलं: एनआयपीएफपी, एनसीएईआर आणि फरीदाबादची राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था. पहिला अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये सादर झाला, उरलेले दोन जुलै आणि ऑगस्ट २०१४ मध्ये. पैसा सार्वजनिक, संस्था सार्वजनिक, विषय तर निवडणुकीत घराघरांत बोलला गेलेला. तरीही अहवाल बाहेर आले नाहीत. माहिती अधिकारात मागितले तेव्हा, ते संसदीय समितीसमोर आहेत आणि उघड केले तर संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल, असं उत्तर मिळालं. शेवटी जून २०१९ मध्ये वित्तविषयक स्थायी समितीचा अहवाल लोकसभेत ठेवला गेला तेव्हा आकडे कळले. परदेशात गेलेल्या पैशाबद्दल एनसीएईआरचा अंदाज १९८० ते २०१० या काळासाठी ३८४ ते ४९० अब्ज डॉलर, फरीदाबादच्या संस्थेचा १९९० ते २००८ साठी सुमारे २१६ अब्ज डॉलर, आणि एनआयपीएफपीचा १९९७ ते २००९ साठी देशाच्या जीडीपीच्या ०.२ ते ७.४ टक्के. तीन संस्था, तीन कालखंड, तीन पद्धती. हे वेळेवर बाहेर आलं असतं तर विद्यापीठांतून त्यावर वाद झाले असते, कुणाची पद्धत कुठे कच्ची आहे ते निघालं असतं. ते पाच वर्षं कपाटात राहिलं, आणि त्या पाच वर्षांत काळ्या पैशाबद्दल ज्याच्या तोंडाला येईल तो आकडा सांगितला गेला.

दुसरं उदाहरण किराणा दुकानांचं, आणि ते मला आदर्श वाटतं. मोठ्या कंपन्यांच्या दुकानांमुळे गल्लीतल्या दुकानदाराचं काय होईल, हा अभ्यास वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयानं इक्रिअरला दिला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा मोठ्या शहरांतल्या २,०२० छोट्या दुकानदारांची पाहणी होती. दुकानं बंद पडण्याचं प्रमाण वर्षाला ४.२ टक्के, त्यातलं संघटित दुकानांच्या स्पर्धेमुळे १.७ टक्के, आणि जवळच्या दुकानांवरचा वाईट परिणाम काळानुसार कमी होतो, असं त्यात म्हटलं होतं. व्यापाऱ्यांना हे पटलं नाही. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं २००९ मध्ये बरोबर उलटी शिफारस केली: मोठ्या देशी कंपन्यांना आणि परदेशी भांडवलाला किराणा व्यापारात बंदी घाला. अभ्यास कुणी मागवला होता, नमुना किती होता, शहरं कुठली होती, हे सगळं छापलेलं असल्यामुळेच विरोध करणाऱ्यांना नेमकं कशाला विरोध करायचा ते कळलं. त्या अहवालाचे निष्कर्ष मला स्वतःला थोडे आशावादी वाटले होते. पण वाद घालता येईल असा अहवाल समोर ठेवणं हे मोठं काम आहे, आणि त्या संस्थेनं ते केलं.

आता तुझ्या शुल्काकडे येतो, कारण तिथे एक वेगळीच अडचण आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, उपकर धरून ५.५ चे २७.५ टक्के. रिफाइंड तेलावर १३.७५ चे ३५.७५ टक्के. तेव्हा माळव्यात शेतकरी रस्त्यावर होते, हमीभाव ४,८९२ रुपये आणि मंडीत त्याच्या खाली विक्री, मागणी ६,००० ची. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० चं १० टक्के झालं. दोन्ही निर्णय अधिसूचनेनं, सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ खाली. कायद्याचे आणि नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावेत असं केंद्र सरकारचं २०१४ चं पूर्वविचारविनिमय धोरण आहे, पण शुल्काची अधिसूचना एका रात्रीत निघते. त्याला रास्त कारण आहे: महिनाभर आधी कळलं तर बंदरावर साठे होतील. म्हणजे जिथे कुणाच्या कानाशी कोण लागलं याला सगळ्यात जास्त किंमत आहे, तिथेच जनतेला आधी बोलायची जागा नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. आधी सांगता येत नसेल तर नंतर सांगा. अधिसूचना निघाल्यावर सहा महिन्यांनी, त्या शुल्काबाबत कुणाकुणाची निवेदनं आली होती आणि कुठले अभ्यास विचारात घेतले, ती यादी कागदांसह प्रसिद्ध करा. तोवर साठेबाजीचा प्रश्न उरत नाही. अर्थसंकल्पाआधी अर्थमंत्री अर्थतज्ज्ञांना, उद्योगांना, शेतकरी संघटनांना भेटतात तेव्हा कोण आलं होतं ते पत्रक काढून सांगतात. त्यांनी लेखी काय दिलं तेही त्याच पत्रकाला जोडता येईल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये, महत्त्वाची धोरणं आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्यं आपणहून प्रसिद्ध करावीत, असं २००५ पासून लिहिलेलं आहे. नवा कायदा करायची गरजही नाही.

संस्थांना लॉबिस्ट म्हणून नोंदवावं का, असंही तू विचारलं आहेस. युरोपीय संघाच्या २०११ पासूनच्या नोंदवहीत धोरण-संशोधन संस्थांसाठी वेगळा वर्ग आहे, जर्मनीत संसदेच्या लॉबी-नोंदवहीचा कायदा २०२२ पासून लागू आहे. मी तरी आपल्याकडे त्याच्या विरोधात आहे. आपल्याकडे नोंदणी म्हटली की तिचा परवाना होतो, आणि परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीकडे देण्यावर बंदी आली, आणि मोठ्या संस्थेच्या प्रकल्पात भागीदार म्हणून काम करणाऱ्या आमच्यासारख्या गावांतल्या छोट्या गटांची ती वाट बंद झाली. ब्रिटननं २०१६ मध्ये, सरकारी अनुदान घेणाऱ्यानं त्या पैशातून सरकारवर प्रभाव टाकायचा नाही, अशी अट आणायचं ठरवलं होतं. शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक खवळले, कारण त्या अटीचा सरळ अर्थ असा होत होता की सरकारी पैशावर संशोधन करा, पण त्यातून काय निघालं ते सरकारला सांगू नका. त्याच वर्षी ती अट त्या रूपात मागे घ्यावी लागली.

मला त्यापेक्षा अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननं २०१२ मध्ये आपल्या नियतकालिकांसाठी केलेला नियम जवळचा वाटतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अर्थतज्ज्ञांची विश्वासार्हता पार खाली गेली होती. आइसलँडचं उदाहरण गाजलं: २००६ मध्ये तिथल्या वाणिज्य मंडळानं एका नामवंत अमेरिकन अर्थतज्ज्ञाला १,२४,००० डॉलर देऊन देशाच्या वित्तीय स्थैर्यावर अहवाल लिहून घेतला, आणि २००८ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. नव्या नियमाप्रमाणे, विषयात हितसंबंध असलेल्या कुणाकडून लेखकाला मागच्या तीन वर्षांत दहा हजार डॉलर किंवा जास्त मिळाले असतील तर ते सांगायचं. आणि ज्याची मला जास्त किंमत वाटते ती बाब: प्रसिद्ध होण्याआधी लेख तपासण्याचा हक्क दुसऱ्या कुणाला होता का, तेही सांगायचं. माझ्या त्या तीन मसुद्यांच्या वेळी असा नियम असता तर तळटीपेत गेलेलं वाक्य कुठून कुठे गेलं हे वाचणाऱ्याला कळलं असतं.

आता तुझ्या हातात काय आहे ते सांगतो. माहिती अधिकारात अर्ज कर. दहा रुपये लागतात, उत्तर ३० दिवसांत यायला हवं, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिही. कायद्यानं इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, त्यामुळे इंदूरहून मराठीत लिहिलेला अर्ज परत येऊ शकतो. संस्था म्हणाली की हा कायदा आम्हाला लागू नाही, तर दोन वाटा आहेत. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालयांच्या खटल्यात सांगितलं आहे की सरकारकडून भरीव अर्थसाह्य घेणारी खासगी संस्थाही या कायद्याखाली येते. सोपी वाट मात्र दुसरी: ज्या मंत्रालयानं अभ्यास मागवला त्याच्याकडेच अर्ज कर. कराराची एक प्रत तिथे असतेच.

‘का’ असं कधी विचारू नकोस. मत मागितलं की नकार सोपा होतो, कागद मागितला की अवघड. असा कागद माग: अमुक अभ्यासाच्या कराराची आणि कार्यकक्षेची प्रत, मंजूर रक्कम, मसुदा सादर झाल्याची तारीख, मसुद्यावर पाठवलेल्या लेखी सूचनांची प्रत, अंतिम अहवाल मिळाल्याची तारीख, तो प्रसिद्ध केला असल्यास कधी. व्यापारी गुपित किंवा मंत्रिमंडळाची टिपणी म्हणून काही भाग नाकारतील. कलम १० प्रमाणे उरलेला भाग द्यावा लागतो, अपिलात ते कलम लिही. पहिल्या अर्जात शुल्काच्या दोन्ही अधिसूचनांचे क्रमांक घाल, म्हणजे ‘माहिती विशिष्ट नाही’ हे उत्तर देता येणार नाही.

अहवाल हाती आला की सारांश शेवटी वाच. आधी आभाराचं पान: प्रायोजक आणि बैठकीला बसलेले लोक बहुतेक तिथेच सापडतात. मग पाहणीचे महिने बघ. सोयाबीनवरची पाहणी एप्रिल-मेमध्ये झाली असेल तर काढणीच्या वेळचा भाव त्यात आलेलाच नाही, तेव्हा माल छोट्या शेतकऱ्याच्या घरातून केव्हाच गेलेला असतो. मग काम संपल्याची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख यांतलं अंतर. त्यानंतर तळटीपा. मी तळटीपा फार मन लावून वाचतो, कारण तिथे काय पाठवलं जातं ते मला माहीत आहे.

माझ्यापुरतं मी एक केलं आहे. त्या कामानंतर मी सही केलेल्या प्रत्येक करारात एक कलम घालायला लावतो. दोन प्रायोजकांनी खळखळ न करता मानलं. एकानं नाही म्हटलं, ते काम दुसरीकडे गेलं आणि त्या हिवाळ्यात माझ्या पथकातल्या चार मुलांना मी काम देऊ शकलो नाही. तू पुढे या क्षेत्रात येणार असशील तर तो मजकूर तुझ्याजवळ असू दे, हवा तसा बदलून घे:

‘अंतिम अहवाल सादर झाल्यापासून ९० दिवसांच्या आत, निष्कर्ष कोणताही असला तरी, तो संपूर्ण प्रसिद्ध केला जाईल. त्यासोबत कार्यकक्षेचा मूळ मजकूर, मिळालेल्या रकमेचा तपशील आणि मसुद्यावर प्रायोजकाने दिलेल्या सर्व लेखी सूचना जोडल्या जातील. अभ्यासाच्या विषयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो असा एखादा गट कार्यकक्षेत आलेला नसल्यास तसे सारांशाच्या पहिल्या पानावर नमूद केले जाईल.’